खिशातले गाणे कोणाच्या मालकीचे?

गाणे ऐकण्यासाठी खिशात बाळगायचे जे स्वतंत्र यंत्र बाजारात ‘प्लेअर’ या नावाने मिळते, त्याविषयी आपल्या मंडळींत सध्या दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिल्या पक्षाचे म्हणणे असे की, हाती मोबाइल असताना गाण्यासाठी दुसरे यंत्र वागवणे हा शुद्ध वेडगळपणा आहे. मागाल ते गाणे मोबाइलवर क्षणात हजर होते, मग हा जास्तीचा बोजा कशाला? दुसऱ्या पक्षाला प्लेअर हे जणू मोक्षाचे साधन वाटते. ‘चोवीस बिट’, ‘एकशे ब्याण्णव किलोहर्ट्झ’ हे शब्द या पक्षाचे लोक मंत्राप्रमाणे उच्चारतात, आणि ज्याच्याजवळ एवढ्या आकड्यांचे यंत्र नाही त्याने आजवर मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेच नाहीत, असे त्याला सुचवतात.

आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकले आहेत, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे. यंत्रात किती शक्ती आहे, एवढाच प्रश्न दोघांनी विचारला. एकाने उत्तर दिले, मोबाइलमध्ये पुरेशी आहे. दुसऱ्याने दिले, पुरेशी नाही. वस्तुतः प्रश्न शक्तीचा नाहीच. आपण जे ऐकतो ते आपल्या मालकीचे आहे काय, आणि ते ऐकत असताना आपले चित्त आपल्या ताब्यात असते काय, हा खरा प्रश्न आहे. स्वतंत्र प्लेअर घ्यावा, असेच आमचेही मत आहे. पण तो विकणारे जी कारणे सांगतात त्यांकरिता मुळीच नव्हे.

बृहन्महाराष्ट्रातील वाचकांपुढे हा विषय मांडण्यास कारण आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकाला यंत्र बिघडले तरी चालते. संध्याकाळी तो सभागृहात जाऊन बसू शकतो. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम हाती घेऊन नव्या मुलखात संसार मांडणाऱ्या आपल्या माणसाची गोष्ट वेगळी आहे. शिलाँगला, रायपूरला किंवा पोर्ट ब्लेअरला त्याला आपले गाणे भेटते ते बहुधा यंत्रातूनच. १९५२ साली आकाशवाणीवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५७ साली विविध भारती आली, आणि पुढे ट्रान्झिस्टरने ही सोबत सरकारी बंगल्याच्या व्हरांड्यापर्यंत पोहोचवली. १९६३ साली निघालेली कॅसेट, १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आलेला वॉकमन, १९८२ ची सीडी, २००१ चा आयपॉड, हे सगळे त्याच वाटेवरचे मुक्काम होत. आयपॉडचे उत्पादनही २०२२ साली थांबले. यंत्रे गेली, ज्या गरजेपोटी ती घेतली होती ती मात्र गेली नाही.

प्रथम आकडेवाल्या पक्षाचा समाचार घेऊ, कारण मोठा खर्च करवतो तो हाच.

आवाज अंकांत साठवताना ध्वनिलहरीची ठराविक अंतराने मापे घेतात. सीडीने सेकंदाला ४४,१०० मापे आणि प्रत्येक माप १६ बिटांचे, असे प्रमाण ठरवले. माणसाच्या कानाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी कळतो. आणि ज्या कंपनसंख्येपर्यंतचा ध्वनी टिपायचा असेल तिच्या दुपटीहून अधिक मापे घेतली की तो ध्वनी जसाच्या तसा पुन्हा उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. जाहिरातींत सीडीची लहर पायऱ्यापायऱ्यांची काढून दाखवतात आणि महागड्या यंत्राची गुळगुळीत. ते चित्र सर्वस्वी दिशाभूल करणारे आहे. दोन मापांमधला ध्वनी हरवत नाही. यंत्रातून बाहेर पडणारी लहर पायऱ्यांची नसते, अखंडच असते. मापांची संख्या वाढवल्याने वाढते ती इतकी उंच कंपनसंख्या की जी वटवाघळांना उपयोगी पडावी.

तीच गोष्ट बिटांची. १६ बिटांत सर्वांत मंद आणि सर्वांत मोठ्या आवाजांमधले सुमारे ९६ डेसिबलांचे अंतर मावते. आता आपली परिस्थिती पाहा. रेल्वेच्या डब्यात खडखडाट सत्तर डेसिबलांच्या घरात असतो, उन्हाळ्यात डोक्यावर पंखा गरगरत असतो, आणि ऐकणाऱ्याने बहुधा पन्नाशी ओलांडलेली असते. त्या वयात पंधरा हजार हर्ट्झच्या वरचे बहुतेकांस ऐकूच येत नाही. असा गृहस्थ सेकंदाला १,९२,००० मापांच्या फाइलीसाठी साडेसहापट जागा खर्च करतो, तेव्हा तो कोणाच्या कानांसाठी ती साठवतो, हे विचारावेसे वाटते.

‘पण फरक ऐकू येतो!’ असे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी प्रयोगांकडे पाहावे. २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उच्च प्रमाणाच्या डिस्कवरील ध्वनी एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या प्रमाणात उतरवून ऐकवायचा, आणि कोणता कोणता ते श्रोत्याने ओळखायचे. ५५४ वेळा प्रयत्न झाला, त्यांत २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणेफेक करूनही एवढेच साधले असते. त्यांनी वापरलेल्या काही डिस्कांचे मूळ मुद्रणच त्या प्रमाणाचे नव्हते, असा आक्षेप पुढे घेतला गेला. तो रास्त आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१६ साली लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांची एकत्रित छाननी केली, तेव्हा बारा हजारांहून अधिक प्रयत्नांत बरोबर उत्तरांचे प्रमाण शेकडा ५२.३ भरले. म्हणजे फरक असेलच तर तो शेकडा पन्नास आणि शेकडा बावन्न यांच्या दरम्यानचा आहे. कान तयार केलेल्यांना तो काहीसा अधिक कळला, हेही खरे. परंतु लाखाच्या घरातील खरेदी ज्या ‘जमीन-अस्मानाच्या’ फरकाच्या भरवशावर केली जाते, तो फरक हा नव्हे.

या बाजाराची रीत कळण्यास दोनतीन उदाहरणे पुरेत. २०१६ साली एका प्रख्यात जपानी कंपनीने शुद्ध तांब्याच्या पेटीला सोन्याचा मुलामा दिलेला वॉकमन काढला. ‘एमक्यूए’ नावाची एक पद्धत २०१४ साली मोठ्या गाजावाजाने पुढे आली. तिच्यामुळे स्टुडिओतला ध्वनी घरी येतो, असे सांगण्यात आले. त्यासाठी परवाना घेतलेली यंत्रे लोकांनी विकत घेतली. एप्रिल २०२३ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, आणि २०२४ साली तिच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाईकाने, म्हणजे टायडल या संगीतसेवेने, ती पद्धत सोडून कोणालाही फुकट वापरता येणारी ‘फ्लॅक’ पद्धत स्वीकारली. नील यंग या प्रसिद्ध गायकाने २०१४ साली लोकवर्गणीतून साठ लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी करून ‘पोनो’ नावाचा प्लेअर काढला. तीन वर्षांत तोही संपला. हेतूच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कानाला जे लागत नाही ते विकून संगीताचे भले होत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आपल्या संगीताच्या बाबतीत तर हा आकड्यांचा सोस अधिकच विनोदी ठरतो. आपल्याला ज्या मुद्रणांची ओढ असते त्यांतील पुष्कळशी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची आहेत. १९२५ पर्यंत गवयाने शिंगाच्या तोंडाशी गायचे आणि सुईने मेणावर रेघ ओढायची, अशी पद्धत होती. त्या रेघेत तीन-चार हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही उतरतच नसे. वीज आल्यावर पल्ला वाढला, पण आजच्या मानाने तोही आखूडच. अशा तबकडीवरच्या तीन-साडेतीन मिनिटांत अब्दुल करीम खाँसाहेबांनी जे भरून ठेवले आहे ते बिटांच्या संख्येने वाढणार नाही.

येथे एक भेद मात्र स्पष्ट केला पाहिजे, नाहीतर आमच्यावर अज्ञानाचा आरोप येईल. जुन्या तबकडीची किंवा फितीची जतन करण्याजोगी प्रत उतरवताना मोठे आकडे योग्यच आहेत. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना त्या कामासाठी सेकंदाला किमान ४८,००० मापे आणि २४ बिट सुचवते, आणि त्याहून अधिक मापे घेता आली तर ती पसंत करते. कारण त्या प्रतीवर पुढे खरखर काढण्याचे, आवाज कमी-जास्त करण्याचे संस्कार व्हायचे असतात. त्यांस मोकळी जागा लागते. शिंप्याने कापड थोडे जास्त घ्यावे हे ठीक. पण सदरा शिवून झाल्यावर उरलेल्या चिंध्या खिशात घालून हिंडणे हे काही शहाणपणाचे नव्हे.

मग ऐकण्याचा दर्जा येतो कशातून? प्रथम मूळ मुद्रणातून. जुनी मुद्रणे नव्याने काढताना खरखर घालवण्याच्या नादात पुष्कळदा फार हात चालवला जातो. तबकडीची खरखर आणि तंबोऱ्याच्या जवारीतून उठणारी झळाळी ही कंपनसंख्येच्या एकाच प्रदेशात नांदतात. एकीला हाकलले की दुसरीही जाते, आणि गवई लोकरीच्या घोंगडीआडून गात असल्यासारखा ऐकू येतो. अशी प्रत २४ बिटांत घेतली तरी घोंगडी जात नाही. तेव्हा एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन-तीन आवृत्त्या ऐकून त्यांतली बरी निवडणे, हे नवे यंत्र घेण्यापेक्षा शतपटीने उपयोगाचे आहे.

दुसरी गोष्ट फाइलीची. एमपी३ पद्धतीत कानाला कळणार नाही असे वाटणारा भाग गाळून टाकतात. फार आवळलेल्या, म्हणजे १२८ किलोबिटच्या फाइलीत सोळा हजार हर्ट्झच्या आसपास वरचा भाग छाटला जातो. आणि त्याहून वाईट म्हणजे तबल्याच्या ठोक्याआधी त्याच ठोक्याची पुसट सावली ऐकू येऊ लागते. खुल्या बोलाची धार अशाने जाते. २५६ किंवा ३२० किलोबिटच्या फाइलीत हा दोष बहुतेकांस ओळखू येत नाही, हे आम्ही मान्य करतो. तरीही संग्रहात ठेवायची प्रत काहीही न गाळलेलीच असावी; कारण गाळलेल्या प्रतीची उद्या दुसऱ्या पद्धतीत नक्कल करायची झाली की पुन्हा काही गळते. २००१ साली निघालेल्या फ्लॅक पद्धतीत सीडीतला एकही अंक न गमावता ती सुमारे निम्म्या-साठ टक्के जागेत मावते. २५६ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात अशा दर्जाचे सहाशे तासांहून अधिक गाणे राहते. रोज एक तास ऐकले तरी दीड वर्ष पुरेल एवढे ते आहे.

तिसरी गोष्ट कानाला लावायच्या साधनाची. एकाच फाइलीचे रूप दोन वेगळ्या हेडफोनांतून जितके बदलते तितके दोन प्लेअरांमुळे कधीच बदलत नाही. तेव्हा पैसा द्यायचाच तर तेथे द्यावा. आणि येथे आकडेवाल्या पक्षाची एक गंमत नोंदवली पाहिजे. मोठ्या दिमाखाचा प्लेअर घेऊन त्याला बिनतारी इअरफोन जोडणारे आम्ही अनेक पाहिले आहेत. ब्लूटूथच्या बहुतेक पद्धती वाटेत ध्वनी पुन्हा गाळतात. त्यांतली नावाजलेली एलडॅकसुद्धा सेकंदाला फार तर ९९० किलोबिट नेते, आणि साध्या सीडीचा ओघ आहे १,४११ किलोबिटांचा. हौदात गंगाजल भरायचे आणि नळ मात्र गाळणीचा बसवायचा, असला हा प्रकार.

चौथी गोष्ट शांततेची. गाडीतला खडखडाट झाकण्यासाठी आवाज चढवणे हा उपाय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानदंडाप्रमाणे प्रौढ माणसाने ८० डेसिबलांवर आठवड्याला ४० तासांपलीकडे ऐकू नये. आवाज तीन डेसिबलांनी वाढला की ही मुदत निम्मी होते. प्लेअरच्या जाहिरातीत ज्या ‘दणदणीत ताकदी’ची बढाई मारतात, ती बहुतेक इअरफोनांना लागत नाही, कानांचे नुकसान मात्र ती करू शकते. बाहेरचा आवाज अडवणारा, कानात नीट बसणारा साधा तारेचा इअरफोन घेतला की मंद सप्तकातली आलापीही कमी आवाजात स्पष्ट कळते.

आकडेवाल्यांचे एवढे झाल्यावर मोबाइलवाला पक्ष आमच्याकडे पाहून हसू लागेल: ‘आम्ही काय वेगळे म्हणत होतो?’ त्यांनी हसण्याची घाई करू नये.

त्यांची बाजू आम्ही कमी लेखीत नाही. मोबाइलमधून निघणारा ध्वनी सदोष असतो, हा समज खोटा आहे. २०१६ पासून पुष्कळ मोबाइलांतून इअरफोनची खाच नाहीशी झाली, तरी हजार रुपयांच्या आसपास मिळणारा लहानसा अडॅप्टर लावला की सीडीच्या तोडीचा ध्वनी मिळतो. ॲपल म्युझिकसारख्या सेवेने २०२१ पासून काहीही न गाळलेले संगीत जास्तीचे पैसे न घेता द्यायला सुरुवात केली. एकेकाळी ज्या मुद्रणासाठी मुंबईचा चोरबाजार पालथा घालावा लागे ते आज सहज सापडते. हे सर्व आम्हांस मान्य आहे. आमचा वाद ध्वनीशी नाही. ज्या अटींवर तो ध्वनी मिळतो त्यांच्याशी आहे.

पहिली अट अशी की, गाणे तुमचे नाही. ते भाड्याने घेतलेले आहे. भाडे भरत राहिलात तरी मालक ते केव्हाही काढून घेऊ शकतो. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झाले. रेसो ही सेवा ३१ जानेवारी २०२४ रोजी भारतातून उठली. विंक म्युझिक बंद करीत असल्याचे एअरटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. मार्च २०२३ मध्ये परवान्याचा करार न जुळल्यामुळे झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून एकाएकी नाहीशी झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे निवडून याद्या केल्या होत्या त्यांच्या याद्यांत भोके पडली. या कंपन्यांनी कायदा मोडला असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी केले ते कराराप्रमाणेच असेल. परंतु सरकारी निवासस्थानात आयुष्य काढलेल्या आपल्या वाचकांस भाड्याचे घर आणि स्वतःचे घर यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नसावी.

दुसरी अट जोडणीची. पोर्ट ब्लेअरपर्यंत समुद्राखालून तार पोहोचली ती ऑगस्ट २०२० मध्ये; तोवर तेथील कारभार उपग्रहाच्या तुटपुंज्या जोडणीवर चाले. काश्मीरच्या खोऱ्यात ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट थांबले. जानेवारी २०२० मध्ये मोबाइलवर ते मंदगतीने परत आले आणि पूर्ण वेगाचे होण्यास फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. त्या निर्णयाची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. तेथे त्या काळात नेमणुकीवर असलेल्या माणसाच्या रात्रीचा विचार करावा, एवढेच सांगणे आहे. ज्याच्या कार्डात स्वतःच्या फाइली होत्या त्याच्याजवळ बालगंधर्व होते. ज्याने केवळ भाडे भरले होते त्याच्याजवळ कोरा पडदा होता. सेवेतली गाणी आधी उतरवून ठेवता येतात, असे कोणी सांगेल. खरे आहे, पण ठराविक दिवसांत एकदा जोडणी मिळाली नाही तर त्यांवरही कुलूप पडते.

तिसरी अट सर्वांत वाईट, कारण ती ध्यानात येत नाही. मोबाइल हे कचेरीचे शेपूट आहे. विलंबित ख्यालात गवई समेवर यायचा आणि त्याच क्षणी वरिष्ठांचा निरोप, बँकेची सूचना, कुठल्याशा समूहातले सुप्रभात यांनी पडदा उजळायचा. ठुमरी एखादे वेळी हे सोसेल; ख्याल सोसणार नाही. रागाची बढत हा पाऊण तासाचा एकसंध विचार असतो. स्वरामागून स्वर उलगडत असताना आधीचे ध्यानात असले तरच पुढच्याला अर्थ येतो. अधिकाऱ्याला हे पटावे: टिप्पणीची तीन पाने वगळून चौथे वाचणाऱ्याने त्यावर सही करू नये, तसेच हे आहे. त्यातून या सेवांची सगळी घडण तीन-चार मिनिटांच्या गाण्यासाठी झालेली आहे. फुकट ऐकणाऱ्यास पुष्कळदा गाणी उलटसुलट क्रमाने मिळतात. विलंबितानंतर त्याच रागातला द्रुत येण्याऐवजी भलतेच काही येते, आणि मध्ये जाहिरात शिरते. यादीत राग, ताल, बंदिश, साथीदार यांची नावे नसतात किंवा चुकीची असतात. गवयाचे नाव गाण्याला आणि तबलजीचे नाव कोणालाच नाही, अशी स्थिती.

ज्या यंत्रात घंटीच नाही असा प्लेअर या तिन्ही अटींतून सोडवतो. म्हणून तो घ्यावा. तो साधा असावा. कार्ड बसावे, तारेचा इअरफोन लागावा, दोन तुकड्यांमध्ये खंड न पाडता वाजवावा, देवनागरी नावे दाखवावीत, एवढे पुरे. गंमत अशी की पुष्कळसे महाग प्लेअर आतून मोबाइलच असतात. त्यांत त्याच सेवा, त्याच सूचना. तसला घेतला तर विकतचे दुखणे दाराने पुन्हा आत आले असे समजावे. आणि कोणी म्हणेल की घरातल्या जुन्या मोबाइलमधले सिमकार्ड काढून, त्यात आपल्या फाइली भरून हेच साधेल, तर आमची मुळीच हरकत नाही. त्याने आमचे म्हणणेच खरे ठरते: प्रश्न यंत्राच्या किमतीचा नव्हता.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. कान झाकून एकट्याने ऐकणे ही आपली परंपरा नव्हे. गाणे बैठकीचे असते, दाद देणारा शेजारी लागतो. आम्हांस हे मनापासून मान्य आहे, आणि जेथे बैठक आहे तेथे प्लेअर घरी ठेवून जावे. जेथे ती नाही तेथे काय करावे, हा प्रश्न राहतोच. शिवाय प्लेअरची तार इअरफोनलाच लागते असे नाही. दिवाणखान्यातल्या स्पीकरलाही लागते. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या कानांवर सकाळी अभंग पडावा, रविवारी नाट्यपद पडावे, असे वाटत असेल तर ती निवड घरातल्या कोणीतरी केलेली असावी लागते. सेवेतले यंत्र त्या घराची आठवण ठेवीत नाही. मागे काय वाजले आणि इतरांत काय चालते, एवढेच हिशेबात घेऊन ते पुढचे गाणे पुढे करते.

आणि आता मुख्य मुद्दा. जगातल्या कोणत्याही सेवेच्या यादीत नाही असे संगीत आपल्याच पेट्यांत पडून आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली येथल्या महाराष्ट्र मंडळांत गणेशोत्सवांच्या निमित्ताने झालेल्या बैठका कोणीतरी टेपवर घेतल्या होत्या. घराघरांत आजीच्या ओव्या, वडिलांचे भजन कॅसेटवर आहे. चुंबकीय फीत अमर नसते. तिच्यावरचा लेप सुटतो, दमट हवेत बुरशी धरते, आणि ती वाजवणारी यंत्रे दुरुस्त करणारे हात वर्षागणिक कमी होत आहेत. या फितींना सोन्याच्या मुलाम्याची गरज नाही. बऱ्या अवस्थेतला एक कॅसेटयंत्र, संगणकाला जोडायचे एक साधन आणि थोडी चिकाटी, एवढ्यावर त्यांच्या प्रती उतरतात. येथे, आणि येथेच, २४ बिट वापरावेत.

कायद्याचे भय दाखवले जाईल, म्हणून तेही सांगतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो; त्यापलीकडच्या जुन्या मुद्रणांवरचा निर्मात्याचा हक्क संपलेला असतो. स्वतःच्या खाजगी उपयोगासाठी रास्त प्रमाणात वापर करण्यास त्याच कायद्याने वाव ठेवला आहे. प्रती वाटणे किंवा विकणे ही निराळी गोष्ट; कवीचे, रचनाकाराचे आणि गाणाऱ्याचे हक्क निराळे असतात, त्यांचा मान ठेवलाच पाहिजे.

जमवण्याचे आणि सोबत नेण्याचे हे काम आपल्याला नवे नाही. विष्णु दिगंबर पलुसकरांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते १९०१ साली लाहोरात. भातखंड्यांनी वकिली सोडून देशभर हिंडून बंदिशी गोळा केल्या, आणि १९२६ साली लखनौला संगीताचे विद्यालय उभे राहिले ते त्यांच्याच प्रयत्नांनी. परमुलखात गाणे नेताना त्यांनी ते कोणाकडून भाड्याने घेतले नव्हते. आणि आपल्यांतला सर्वांत दूरच्या नेमणुकीवर गेलेला आवाज कोणता म्हणाल, तर गोव्यातील केरीच्या केसरबाई केरकर यांचा. १९७७ साली निघालेल्या दोन व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत त्यांची भैरवी आहे. ती तबकडी पाठवणाऱ्यांनी तिच्याबरोबर सुई पाठवली, आणि ती कशी वाजवायची त्याच्या खुणा वेष्टनावर कोरल्या. वाटेत जोडणी मिळेल, परवाना चालू राहील, असल्या भरवशावर त्यांनी ती सोडली नाही.

आपल्या नेमणुका इतक्या दूरच्या नसतात. नियम मात्र तोच. पुढच्या बदलीचा हुकूम येण्याआधी कॅसेटची पेटी उघडावी, प्रती उतरवाव्यात, त्यांना राग, गायक, साथीदार, गाव आणि साल यांची नावे द्यावीत, एक संच मंडळात ठेवावा आणि एक आपल्या खिशात. त्या खिशातल्या यंत्रावर किती आकडे छापले आहेत, हे मग कोणी विचारणार नाही.